मेळघाटातला आठ दिवसांचा दौरा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला निरोप पाठविला तो असा की, "तुमच्या त्या मिशनच्या सहलीबद्दल अर्धा तास बोला." बोलण्याची आज्ञा मला मान्य आहे, फक्त सहल हा शब्द मी बदलून घेते. आम्हा वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांत त्याला दौरा म्हणतात, आणि हा शब्द आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आला आहे.

पूर्वीचा दौरा कसा असे ते आधी सांगते. दिवाळी झाली, रस्ते वाळले, नदीनाल्यांना उतार मिळू लागला, की मिशनचे साहेब, मडमा, पाळक आणि बायबल-बाया अशी सारी मंडळी निघत. बंडीवर तंबू, कंदील, शिधा आणि औषधांची पेटी. एखाद्या गावाबाहेरच्या आमराईत तंबू ठोकायचा, पाच-सहा दिवस आसपासची खेडी पायी करायची, की तंबू उपटून पुढे. पुरुष चावडीपुढे टाळ-मृदंगावर भजने म्हणत आणि रात्री जादूच्या कंदिलाची चित्रे दाखवीत. बायबल-बाया घरोघरी ओसरीवर बसत. बायकांशी बोलणे हे त्यांचेच काम, कारण परक्या पुरुषापुढे कोण बाई तोंड उघडणार? केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातूनही १९०५ च्या सुमारास मुलींच्या टोळ्या अशाच खेड्यापाड्यांतून जात. बाईने घर सोडून चार गावे हिंडावे ही गोष्ट त्या काळी किती अवघड होती, ते तुम्हांला सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात हे काम मुख्यतः फ्री मेथडिस्ट मिशनचे. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे त्यांचे पहिले जोडपे १८८१ साली हिंदुस्थानात आले. पुढे यवतमाळ जिल्हा हेच त्या मिशनचे मुख्य क्षेत्र झाले आणि आपल्या दारव्ह्यातही त्यांचे ठाणे होते. यवतमाळला १९५३ साली निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती १९८३ साली पुण्यास गेली. परंतु मला आज सांगायचे आहे ते डोंगरातले, आणि तिकडे जाण्याची वाट आपल्या दारावरूनच जात होती. आपली शकुंतला! यवतमाळहून निघून दारव्हा, कारंजा करीत ती मूर्तिजापुरास पोचे, तिथे गाडी बदलली की दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूर. अचलपूरच्या पुढे परतवाडा, आणि परतवाड्यापासून सातपुड्याचा घाट. आता शकुंतला बंद पडली आहे, तेव्हा २०२३ च्या जानेवारीत आम्ही अकरा जण गेलो ते भाड्याच्या मोटारीने.

त्या डोंगरात मिशनचे काम फार जुने. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. तिथे आल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन पाद्री कोरकू लोकांत काम करीत. त्यांनीच पुढे दौंडला अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. १८९० च्या सुमारास खास कोरकूंसाठी एक डोंगरी मिशन उभे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ लागोपाठ आले, त्यांत मेळघाटातले लोक फार मेले. अनाथ पोरे सांभाळणे, दाणे वाटणे, रोग्यांची शुश्रूषा करणे हेच त्या दिवसांत मिशनचे काम होऊन बसले. परतवाड्याजवळ कोठारा येथे महारोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय निघाले. या साऱ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट मात्र एका पुस्तकाची आहे. जॉन ड्रेक नावाच्या पाद्र्याने १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण छापले.

तुम्ही म्हणाल, व्याकरणात एवढे काय? तर ऐका. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हिंदीची नव्हे, गोंडीचीही नव्हे. तिचे नाते पार झारखंड-बंगालकडच्या संथाळी, मुंडारी या भाषांशी आहे. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, खाण्याचा धातू 'जोम'. संथाळ माणसालाही हे शब्द ओळखीचे वाटतील. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. मेळघाटातल्या सिपना नदीचे नावही कोरकूच, सिपना म्हणजे साग. २०११ च्या शिरगणतीत ही भाषा बोलणारे सव्वासात लाख निघाले, त्यांतले बरेच मध्य प्रदेशात. अशा भाषेचे व्याकरण लिहायचे तर माणसाला तिथल्या अंगणात किती पावसाळे बसावे लागले असेल! हिवाळ्यात तंबू ठोकून आठ दिवसांनी उठणाऱ्याचे ते काम नव्हे. आमच्या दौऱ्याची योग्यता मी या मापाने मोजते, आणि आज जे सांगणार आहे ते एवढ्याचसाठी.

आता आमची मंडळी. दोन पाळक, एक निवृत्त शिक्षक, चार कॉलेजातली मुले, तीन बाया, आणि चौथी मी. मी चौतीस वर्षे परिचारिका होते, त्यातली बरीच बाळंतिणींच्या खाटांशेजारी गेली. जाण्याआधी महिनाभर प्रार्थना झाल्या, वर्गणी झाली, आणि घरोघरचे जुने कपडे गोळा होऊन त्यांची सात गाठोडी बांधली गेली. निघण्याच्या तीन दिवस आधी फोन आला. आम्ही जिच्याकडे उतरणार होतो ती धारणीकडची बाई स्वतः कोरकू, ख्रिस्ती, आणि बावीस वर्षे त्या भागात नर्सबाई म्हणून राहिलेली. तिला सगळे ताई म्हणतात. मीही तेच म्हणते. ताई म्हणाली, "कपडे आणू नका. मागच्या वर्षीचेही अजून कोठीत पडले आहेत. तान्ह्या बाळांचे वजन करायचा चांगला काटा आणा, थर्मामीटर आणा, आणि लोकरीच्या टोप्या आणा, अगदी लहान, नारळाएवढ्या डोक्याला बसतील अशा." गाठोडी इथेच राहिली. आमच्यातली एक बाई थोडी हिरमुसली, पण तिनेच बसून दोन रात्रींत सहा टोप्या विणल्या.

घटांग, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीकडे जाणारा तो रस्ता. दोन्ही बाजूंना साग, जानेवारीत पाने पिवळी पडून गळू लागलेली. १९७४ पासून हा व्याघ्रप्रकल्पाचा मुलूख आहे, म्हणून वाटेत थांबू देत नाहीत. मुले वाघासाठी खिडकीला चिकटून बसली होती. त्यांना सांबर दिसले आणि माकडे.

कोरकूंचे गाव पाहून मन प्रसन्न होते. मधून रुंद रस्ता, दोन्ही अंगांनी समोरासमोर घरांच्या रांगा, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, त्यावर सारवण इतके नीट की आपण आपल्या अंगणाकडे जरा विचार करून पाहावे. गावाबाहेर झाडाखाली लाकडी खांब उभे होते, त्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले. हे मेलेल्या माणसांच्या आठवणीचे खांब, त्यांचा मोठा विधी असतो. एका मुलाने विचारले, "हे यांचे देव का?" ताई म्हणाली, "नाही रे, हा माझ्या चुलत्याचा आहे."

पहिल्या दिवशी मला जे दिसले ते असे, की गावात निम्म्या घरांना काट्या लावलेल्या. माणसे कुठे? तर दिवाळीनंतर ती मजुरीला उतरतात, कोणी अमरावती-अकोल्याच्या शेतांवर, कोणी वीटभट्टीवर, कोणी मध्य प्रदेशात. होळीला परत येतात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत पोरे रस्ता अडवून फगवा मागतात. म्हणजे आपल्या सोयीचा महिना हा त्यांच्या घरी नसण्याचा महिना. तंबूंच्या काळी हिवाळा धरण्याला कारण होते, रस्तेच नव्हते. आता डांबरी रस्ता झाला तरी दौऱ्याची तिथी तीच चालत आली आहे. मी परत आल्यावर आमच्या पाळकांना हे सांगितले आणि त्यांना ते पटले.

मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या आणि जड पायाच्या बाया. एक म्हातारबाबा खाटेवर ऊन घेत बसले होते. आम्ही जवळ गेलो तर त्यांनी मोडक्या हिंदीत विचारले, "फोटो झाला?" आम्ही म्हटले, फोटो काढायला नाही आलो. ते म्हणाले, "सगळे काढतात." खरेच आहे ते. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंचा बोभाटा झाला, शीला बारसे यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रवाले, मंत्री, अभ्यासक, संस्था, आमच्यासारख्या मंडळ्या, सर्व तिथे जाऊन आल्या आहेत. मुलांच्या हातातले मोबाईल मी त्याच वेळी पिशवीत ठेवायला लावले.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई मला रांगेतल्या शेवटच्या घरी घेऊन गेली. एकोणीस दिवसांचे मूल. घरीच बाळंतपण झालेले, आणि दिवसांआधी झालेले. खाटेवर चिंध्यांत ठेवले होते, खाटेखाली निखाऱ्यांची थाळी, झोपडीभर धूर. आमच्या नव्या काट्यावर वजन भरले एक किलो सहाशे ग्रॅम. पाय गार. रडणे मांजराच्या पिलासारखे. अंगाला ओढण्याची ताकद नाही म्हणून आजी त्याला कापसाच्या बोळ्याने पाणी देत होती. पोटावर दोन डाग होते. पोट फुगले की तापलेल्या विळ्याचे चटके द्यायचे, अशी तिकडे जुनी समजूत आहे. भूमका किंवा घरातले जाणते माणूस ते देते. बायांनो, मला त्या आजीचा राग नाही आला. तिचे दोन नातू आधी गेले होते आणि तिला जे माहीत होते ते ती जिवापाड करीत होती.

काय करायचे ते मला ठाऊक होते, चौतीस वर्षांत शेकडो वेळा केले होते. मूल आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायचे, वर टोपी आणि लुगडे. दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने थेंब थेंब, दर दोन तासांनी. पाणी नाही, गुटी नाही, आंघोळ नाही. निखारे बाहेर. आणि लवकरात लवकर धारणीचे उपजिल्हा रुग्णालय. हे सारे मी मराठीत सांगितले, मग हिंदीत सांगितले. आईने मान हलविली. आजीने तोंड फिरविले. माझ्या चौतीस वर्षांचा त्या झोपडीत एवढाच उपयोग झाला.

मग ताई खाली बसली. तिने पहिला अर्धा तास मुलाचे नावसुद्धा काढले नाही. आजीच्या माहेरच्या गावाची चौकशी झाली, कोण मजुरीला गेले, कोण कधी येणार, यंदा कुटकी किती झाली, बैलाचा पाय बरा झाला का. मला त्यातले एखाद-दुसरे नाव कळे, बाकी नाही. मी बॅटरी धरून बसले होते, कारण आत अंधार झाला होता. तासाभराने आजी काही तरी म्हणाली आणि रडू लागली. ताईने मला नंतर सांगितले: आधीच्या नातवाला मोठ्या दवाखान्यात नेले होते, तिथे कोणी तिच्याशी तिच्या भाषेत बोलले नाही, तिला दाराबाहेर बसविले, आणि दोन दिवसांनी गाठोडे हातात दिले. म्हणून तिला न्यायचे नव्हते. त्यात अडाणीपणा कुठला? तुमच्या-आमच्यावर तसा प्रसंग आला तर आपणही नेणार नाही.

ताईने तिला शब्द दिला की मी बरोबर येईन, तुला आत बसवीन, आणि मी येईपर्यंत कोणी मुलाला हलविणार नाही. त्या रात्री मूल आईच्या छातीशी बांधले. मी आणि ती आई दर दोन तासांनी उठत होतो. भाषा नव्हती, पण दूध पिळण्याला फारशी भाषा लागत नाही. मी माझ्या हाताने दाखविले, ती हसली. पहाटे मुलाचे पाय ऊबदार लागले. सकाळी आजी स्वतःच चादर घेऊन मोटारीपाशी येऊन उभी राहिली.

आमच्या मोटारीचा त्या आठ दिवसांतला सर्वांत मोठा उपयोग हाच झाला. उरलेल्या दिवसांत आम्ही ताईच्या सांगण्याप्रमाणे वागलो. मुलांनी तिच्या जुन्या वह्यांवरून नवी नोंदवही उतरविली, दोनशेहून अधिक पोरांची नावे आणि वजने. शिक्षकांनी शाळेत गणित घेतले. दोघा पाळकांनी हौदाची भिंत बांधली, आणि ती सरळ बांधली हे मी मुद्दाम सांगते.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असणार, तो कोणी विचारण्याआधीच घेते. धर्माचे काय? आम्ही तिथे बाटवायला गेलो होतो का? हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. १९५४ साली, आपला विदर्भ मध्य प्रदेशात असताना, त्या सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. दवाखाना आणि शाळा यांचा उपयोग धर्मांतराचे आमिष म्हणून होतो, हा त्यातला मुख्य आक्षेप. आमच्या समाजात त्या अहवालाबद्दल अजून राग आहे, आणि त्यात पुष्कळ एकांगी आहे असे माझेही मत आहे. पण आजारी माणसापुढे आपण कसे उभे राहतो हा प्रश्न अहवाल एकांगी म्हणून खोटा ठरत नाही.

आमच्यातला एक मुलगा फार भाविक. दुसऱ्याच दिवशी वजनाच्या रांगेत तो प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करू लागला. ताईने त्याला बाजूला घेतले. म्हणाली, "भाऊ, इथे ही आई काट्यासाठी आली आहे. तुझी प्रार्थना ऐकल्याशिवाय काटा मिळत नाही असे तिला वाटले तर ती उद्या येणार नाही, आणि आली तर खोटे बोलायला शिकून येईल. प्रार्थना संध्याकाळी माझ्या अंगणात." संध्याकाळी खरोखरच अंगणात भजने होत, मराठी आणि कोरकू. ज्याला यायचे तो येई, बरेचसे गाण्यासाठी येत. मी ख्रिस्ती आहे, माझ्या प्रभूचे नाव मी कोणापासून लपवीत नाही, आणि ते सांगण्याची मोकळीक आपल्या घटनेने मला दिली आहे. परंतु औषधाच्या बदल्यात ऐकवून घेणे मला मान्य नाही, आणि ताईलाही नाही; ती तर मिशनच्याच शाळेत शिकलेली.

या पेचातून आपल्या मराठी माणसांपैकी एक जण फार पूर्वी गेला होता. शामराव हिवाळे हा पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातला मराठी ख्रिस्ती तरुण. १९३२ साली तो व्हेरियर एल्विन या इंग्रज मित्राबरोबर मंडला जिल्ह्यातल्या मैकल डोंगरात करंजिया येथे गोंडांत राहावयास गेला. शाळा काढली, दवाखाना काढला, धर्मांतर मात्र करायचे नाही असे ठरले. नागपूरच्या बिशपांशी त्यावरून खटका उडाला आणि १९३५ साली एल्विन यांनी चर्च सोडले. लोक एल्विनना मोठा भाऊ आणि शामरावांना छोटा भाऊ म्हणत. एल्विन यांचे नाव जगभर झाले. शामराव त्यांच्याइतके गाजले नाहीत, पण परधान लोकांवर त्यांनी लिहिलेले १९४६ चे पुस्तक अजून अभ्यासक वाचतात. आमच्या मंडळीत त्यांचे नाव घेतले की काही जण गप्प बसतात. मला तो गप्पपणा आवडत नाही.

आणि राहणे हे काही एका धर्माच्या वाट्याला आलेले नाही. मेळघाटातच बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी संसार थाटला. पहिल्या वेळी दोन रुपये, पुन्हा आल्यास एक रुपया, अशी त्यांची फी. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. नागपुरात दवाखाना असलेल्या स्मिताताईंनी लग्नाआधी चार अटी मान्य केल्या होत्या: चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत लग्न, महिना चारशे रुपयांत घर, आणि वेळ पडल्यास दुसऱ्यासाठी भीक मागणे. आपल्या किती मुलींच्या बापांनी ही सोयरीक पुढे जाऊ दिली असती? उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव आहेत. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला लावले. ताई ही त्याच जातीची, फक्त तिला कोणी पदक दिलेले नाही.

मग आठ दिवस जाऊन काय मिळवले, असे आमच्याच मंडळीतल्या एका गृहस्थांनी मला विचारले. गाडीभाड्याचे पैसे ताईला पाठविले असते तर बरे नसते का? हिशेबाने त्यांचे म्हणणे चूक नाही. पण ताई स्वतः म्हणाली की वर्षातून एकदा कोणी येते तेव्हा तिच्या वह्या नव्या होतात, तिला रात्री चार तास सलग झोप मिळते, आणि धारणीच्या कचेरीत तिच्या शब्दाला आठ दिवस जरा वजन येते. हे तिसरे कारण ऐकून मला वाईट वाटले, पण ते खरे आहे. तेव्हा मी जाण्याच्या विरुद्ध नाही. जाणाऱ्यांनी तिथे राहणाऱ्याच्या हाताखाली जावे, तो सांगेल ते आणावे, सांगेल तेव्हा यावे, एवढे मी आता आमच्या मंडळीत आग्रहाने मांडते. पुढचा दौरा आम्ही पावसाळ्यात, श्रावणात केला. त्या दिवसांत घरात दाणे संपलेले असतात, पोरे सर्वांत जास्त आजारी पडतात, आणि माणसे गावात असतात. चिखल फार होता. अकरातले सहाच आले.

ते मूल सोळा दिवस धारणीला होते. आजी आत बसली होती, ताईने शब्द पाळला. घरी परतल्यावर महिन्याने वजन दोन किलो तीनशे भरले, असा निरोप आला. त्यानंतर घरातली माणसे त्याला घेऊन मजुरीला गेली, तेव्हा मधली नोंद कोरी आहे. होळीला परत आली तेव्हा तीन किलो चारशे. टोपी तोवर लहान झाली होती, ती दुसऱ्या कोणाला दिली.

ताईने यंदाची यादी पाठविली आहे, ती मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. लोकरीच्या टोप्या साठ, स्टीलच्या लहान वाट्या आणि चमचे चाळीस, जाड पुठ्ठ्याच्या शंभर पानी वह्या बारा, बॅटऱ्या चार. कपडे नकोत असे तिने खाली दोन रेघा ओढून लिहिले आहे. टोप्यांचा नमुना मी आणला आहे, सभेनंतर ज्यांना विणायच्या असतील त्यांनी टाके मोजून घ्यावेत.